अंगावर पिता पिता झोपलेल्या बाळाचा ढेकर काढायलाच हवा का?

रात्री दोनचं पाजणं. बाळ आठ-दहा मिनिटं मन लावून पितं, मग चोखणं मंदावतं, आवळलेल्या मुठी सैल पडतात आणि स्तनावरचं तोंड आपोआप सुटतं. बाळ गाढ झोपलेलं असतं. आता त्याला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायची, की तसंच अलगद खाली ठेवायचं? घरातल्या आजीचं उत्तर ठरलेलं असतं : ढेकर आल्याशिवाय खाली ठेवू नकोस, दूध नाकातोंडात जाईल. मग बाळंतीण अर्धा-पाऊण तास भिंतीला टेकून, डुलक्या घेत, न येणाऱ्या ढेकराची वाट पाहत बसते.

उत्तर आधीच सांगते. पूर्ण दिवसांचं, निरोगी, अंगावर पिणारं बाळ शांत झोपलं असेल तर ढेकरासाठी त्याला उठवण्याची गरज नाही. दोन-चार मिनिटं उभं धरा. ढेकर आला तर उत्तम, नाही आला तरी काही बिघडत नाही.

ढेकर म्हणजे दुधाबरोबर गिळली गेलेली हवा. अंगावर पिताना बाळाचे ओठ स्तनाभोवती घट्ट बसतात आणि चोखण्याच्या वेगावर त्याचा स्वतःचा ताबा असतो, त्यामुळे हवा कमी जाते. बाटलीचं तसं नाही. तिथे दूध सतत येत राहतं आणि घाईघाईने गिळताना हवाही पोटात जाते. अंगावर पिणाऱ्या बाळांतही फरक असतोच. पान्हा जोरात असेल, बाळ गटागटा गिळत असेल किंवा भुकेने बराच वेळ रडून मग प्यायला लागलं असेल, तर हवा जास्त जाते. रडतानाही बाळ हवा गिळतं, हे आपण विसरतो.

ढेकर काढल्याने खरंच फरक पडतो का, हे पाहण्याचा एक नेटका प्रयत्न आपल्याच देशात, चंडीगडमध्ये झाला. 2015मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 71 आया आणि त्यांची नवजात बाळं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या आयांना ढेकर काढायला शिकवलं, दुसऱ्यातल्यांना नाही. तीन महिने नोंदी ठेवल्या. पोटदुखीच्या रडण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. दुधाच्या गुळण्या मात्र ढेकर काढलेल्या बाळांमध्ये जास्त आढळल्या! थोपटताना पोटावर दाब येतो आणि हवेबरोबर दूधही वर येतं, हे त्याचं कारण असू शकेल. अभ्यास लहान होता आणि आपण ढेकर काढतोय की नाही हे आईला माहीत असणारच. तेव्हा एवढ्यावरून ढेकर काढणं वाईट असं कोणी म्हणू नये. पण ढेकर न काढल्याने बाळाला त्रास होईलच, हा धाक मात्र त्याने बराच सैल होतो.

खरी भीती असते ती दूध श्वासनलिकेत जाण्याची. या भीतीपोटी बाळाला पालथं किंवा कुशीवर, मागे-पुढे उशा लावून झोपवलं जातं, आणि धोका तिथेच आहे. बाळ उताणं असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका तिच्या खाली असते. गुळणी आली तर दूध खालच्या नळीत राहतं. ते श्वासनलिकेत शिरायला वर चढावं लागेल. पालथं झोपवल्यावर हेच चित्र उलटं होतं. अमेरिकेत 1992मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळाला पोटावर न झोपवण्याचा सल्ला दिला आणि 1994पासून उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली. पुढच्या दशकभरात झोपेतले अचानक होणारे बालमृत्यू जवळपास निम्म्यावर आले, आणि दूध अडकून गुदमरण्याचं प्रमाण काही वाढलं नाही. म्हणून ढेकर येवो न येवो, बाळ उताणंच झोपवायचं. गादी सपाट हवी. जवळ मऊ उशी, लोड, जाड गोधडी नको.

दुसरा धोका आईच्या थकव्याचा. बाळाला छातीशी धरून सोफ्यावर किंवा खुर्चीत आईचा डोळा लागला, तर बाळ घसरून पडू शकतं किंवा गादीच्या खाचेत नाक दबून गुदमरू शकतं. न काढलेल्या ढेकरापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. आजीला ढेकराची फारच चिंता असेल तर पाजून झाल्यावर बाळ तिच्या खांद्यावर द्यावं आणि आईने आडवं व्हावं.

ढेकर कधी काढावा, हे बहुतेक वेळा बाळच सांगतं. पिता पिता तोंड सोडून कुरकुरणं, पाठ ताणणं, पाय पोटाशी घेणं अशी लक्षणं दिसली तर थोडं थांबून उभं धरा. बाजू बदलताना ढेकर काढणं सोयीचं पडतं. पेंगुळलेलं बाळ त्याने थोडं जागंही होतं. बाटलीने किंवा बोंडल्याने दूध पाजत असाल, तर मात्र दर वेळी प्रयत्न करावा. कमी दिवसांच्या किंवा फार गुळण्या टाकणाऱ्या बाळासाठी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं. ग्राइप वॉटरची गरज कोणालाच नाही; पहिले सहा महिने आईचं दूध पुरेसं आहे.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रश्न वेगळा असू शकतो. बाळ दर वेळी दोन-तीन मिनिटांतच झोपत असेल, तर ढेकराचा नव्हे, पुरेसं दूध पोटात जातंय का याचा विचार करा. पाचव्या दिवसानंतर दिवसाकाठी निदान सहा वेळा शू व्हायला हवी, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचं वजन परत यायला हवं. तसं नसेल किंवा अंगावर कावीळ दिसत असेल, तर अशा बाळाला उठवून पाजावंच लागतं. दुपटं सैल करा, तळपाय चोळा, बाजू बदला, आणि डॉक्टरांना दाखवा.

ओठांच्या कडेने ओघळणारी दह्यासारखी गुळणी बहुतेक बाळांना होते आणि वर्षाच्या आसपास थांबते. पण उलटी हिरवी असेल, त्यात रक्त असेल, दूध दर वेळी जोराने लांब फेकलं जात असेल, किंवा पिताना बाळ निळं पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.