रातांधळेपणा : एक लक्षण, अनेक कारणे

दिवसा उत्तम दिसते. परंतु दिवेलागणीनंतर दारातील पायरी, वाटेतील खड्डा किंवा समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही. या तक्रारीला मराठीत रातांधळेपणा, तर लखनौच्या परिसरात रतौंधी म्हणतात. वैद्यकीय दृष्टीने हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. कुपोषित बालक, गर्भवती स्त्री, रात्री वाहन चालविणारा चालक आणि मोतीबिंदू झालेला वृद्ध हे चौघेही हीच तक्रार करू शकतात. त्यामागील कारणे मात्र भिन्न असतात आणि म्हणून उपायही भिन्न असावे लागतात. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या विषयाचे महत्त्व येथेच आहे.

अंधारात दिसते कसे?

डोळ्याच्या दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात. सुमारे ६० ते ७० लाख शंक्वाकार पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंगांचे ज्ञान करून देतात. सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी मंद प्रकाशात काम करतात. त्यांना रंग कळत नाहीत. दंडाकार पेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. ते ऑप्सिन हे प्रथिन आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणारे रेटिनल यांच्या संयोगातून तयार होते. प्रकाश पडताच रेटिनलच्या रेणूचा आकार बदलतो, चेतासंदेश निर्माण होतो आणि रंगद्रव्याचे विघटन होते. अंधारात ते पुन्हा तयार व्हावे लागते. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्णपणे जुळवून घेण्यास २० ते ३० मिनिटे लागतात, त्याचे प्रमुख कारण हेच. या प्रक्रियेतील ‘अ’ जीवनसत्त्वाची भूमिका उलगडणारे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

उपायाचे अनुभवजन्य ज्ञान मात्र फार जुने आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नक्तांध्यावर बोकडाच्या यकृताचा प्रयोग सांगितला आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा यकृतातच असतो, हे पुढे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

अभावाचे परिणाम

यकृतातील साठा संपत आला की त्याचा परिणाम प्रथम दंडाकार पेशींवर दिसतो. त्यामुळे रातांधळेपणा ही धोक्याची पहिली सूचना ठरते. वेळीच जीवनसत्त्व मिळाले तर काही दिवसांतच दृष्टी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाल्यास डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे बिटॉट ठिपके दिसू लागतात आणि अखेरीस पारपटल मऊ होऊन कायमचे अंधत्व येते. गोवर आणि अतिसार या आजारांत शरीरातील साठा झपाट्याने घटतो; म्हणून आधीच कुपोषित असलेल्या बालकाला गोवरानंतर विशेष धोका असतो.

दूध, अंडी व यकृत यांतून हे जीवनसत्त्व थेट मिळते. शेवग्याची पाने, पालक, गाजर, पपई, आंबा आणि लाल भोपळा यांतील कॅरोटीनपासून शरीर ते तयार करते. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे असल्यामुळे आहारात थोडे तेल किंवा तूप नसेल, तर खाल्लेल्या भाजीचाही पुरेसा लाभ होत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रम

या अभावातून येणारे अंधत्व टाळण्यासाठी केंद्र शासनाने १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात १ ते ५ वर्षे वयाच्या बालकांना दर सहा महिन्यांनी २ लाख आंतरराष्ट्रीय एककांची मात्रा तोंडावाटे देण्याची योजना होती. नंतर ठरलेल्या वेळापत्रकानुसार नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर १ लाख एककांची पहिली मात्रा देतात. पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांच्या आठ मात्रा दिल्या जातात. अशा रीतीने नऊ मात्रांतून १७ लाख एकके होतात. गर्भवती स्त्रियांना ही मोठी मात्रा देत नाहीत, कारण तिने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. त्यांच्यासाठी आहारावरच भर देणे आवश्यक आहे.

लखनौहून झालेला अभ्यास

ही मात्रा केवळ डोळे वाचविते की बालमृत्यूही कमी करते? इंडोनेशियातील आचे प्रांतात आल्फ्रेड सोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. या मात्रेने बालमृत्यूंत मोठी घट होऊ शकते, असे त्यांतून दिसले. भारतात या प्रश्नाचा सर्वांत मोठा शोध लखनौहून घेण्यात आला. तेथील किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील (सुरुवातीस महाविद्यालय) बालरोगतज्ज्ञ डॉ. शैली अवस्थी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधक यांनी १९९९ ते २००४ या काळात उत्तर प्रदेशातील ७२ विकासगटांत ‘देवता’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यास केला. ८,३३८ अंगणवाड्या आणि सुमारे १० लाख बालके त्यात समाविष्ट होती. निम्म्या विकासगटांत दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्व देण्यात आले. त्याच अभ्यासात जंतनाशक औषधाचीही चाचणी झाली.

निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नमुना म्हणून तपासलेल्या बालकांत तीव्र अभावाचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले, तर बिटॉट ठिपके ३.५ टक्क्यांऐवजी १.४ टक्के बालकांत आढळले. म्हणजेच अभाव आणि नेत्रविकार निम्म्याने घटले. मृत्यूंतील घट मात्र अवघी ४ टक्के होती आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर ती निर्णायक ठरली नाही. पूर्वीच्या आठ चाचण्या आणि हा अभ्यास यांचा एकत्रित विचार करता ही घट ११ टक्के येते. मात्रा प्रत्यक्षात किती बालकांपर्यंत पोहोचली, याविषयी काही तज्ज्ञांनी शंका उपस्थित केल्या.

या अभ्यासाचा धडा महत्त्वाचा आहे. एखादा उपाय अभाव दूर करतो, एवढ्यावरून तो तितक्याच प्रमाणात प्राण वाचवितो असे ठरत नाही. तसेच मृत्यूंतील घट अल्प दिसली म्हणून दृष्टी वाचविण्याचे त्याचे मोलही कमी होत नाही. २०१६–१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षे वयाच्या सुमारे १८ टक्के बालकांत ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव आढळला. सरसकट सर्व बालकांना मात्रा द्यावी की अभाव अधिक असलेल्या भागांवर लक्ष केंद्रित करावे, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत.

रस्त्यावरील अंधार

प्रौढांच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. रात्री वाहन चालविताना नीट न दिसण्याचे कारण बहुधा आहारातील अभाव नसतो. जवळचे स्पष्ट पण दूरचे अंधूक दिसणे, चश्म्याचा क्रमांक बदललेला असणे, मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेहामुळे झालेली दृष्टिपटलाची हानी आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा हा आनुवंशिक विकार ही त्याची प्रमुख कारणे होत. मोतीबिंदूत नेत्रभिंग गढूळ होते. त्यामुळे समोरील दिव्यांचा प्रकाश विखुरतो आणि दिव्याभोवती वलये दिसतात. २०१५–१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५० वर्षे व त्यावरील व्यक्तींमधील अंधत्वापैकी ६६.२ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आले होते. निरोगी डोळ्यांतही वयाबरोबर बाहुली लहान होत जाते. साठीच्या वयात दृष्टिपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उरतो.

लखनौमधील महानगर या गोमतीपारच्या वसाहतीतून सीतापूरच्या दिशेने निघालेला चालक दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यांवरून अंधाऱ्या महामार्गावर येतो, तेव्हा त्याचे डोळे अंधाराला पुरते सरावलेले नसतात. त्यातच समोरच्या वाहनाने ‘अप्पर’ म्हणजे वरचा झोत चालू ठेवला, तर काही सेकंद रस्ता दिसेनासा होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन प्रत्येक सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. प्रतिसादाचा एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर वाहन थांबेपर्यंत सुमारे ६० मीटर लागतात, तर ‘डिप्पर’च्या झोतात साधारण ५० मीटरपर्यंतचेच स्पष्ट दिसते. डिसेंबर-जानेवारीतील दाट धुक्यात हे अंतर आणखी घटते. वेग कमी करणे हा उपाय म्हणूनच शिस्तीचा नव्हे, तर साध्या गणिताचा भाग आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना १ मध्ये अर्जदाराला रातांधळेपणा आहे काय, असा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर अर्जदाराने स्वतःच घोषित करावयाचे असते. त्याच नमुन्यातील दुसरा प्रश्न २५ मीटरवरील वाहनाचा क्रमांक भरपूर दिवसाच्या उजेडात वाचता येतो काय, असा आहे. व्यावसायिक वाहनांचे चालक आणि ४० वर्षांवरील अर्जदार यांना नमुना १-अ नुसार वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. दिवसाची दृष्टी उत्तम असूनही रात्रीची क्षीण असू शकते आणि हळूहळू वाढणारा दोष रुग्णाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. त्यामुळे केवळ घोषणेवर विसंबणे पुरेसे नाही.

समन्वयाची गरज

१९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाच्या नावात २०१७ मध्ये ‘दृष्टिदोष’ या शब्दाची भर पडली. अंधत्व येण्यापूर्वीच्या दोषांकडे लक्ष वळविण्याचा हेतू त्यातून स्पष्ट होतो. रातांधळेपणा हा असाच एक पूर्वसंकेत आहे. बालकाच्या बाबतीत तो अंगणवाडी सेविकेने ओळखावयाचा आहे, तर चालकाच्या बाबतीत नेत्रतपासणी शिबिरात आणि परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी तो शोधावयाचा आहे. बालकाला जीवनसत्त्व व सकस आहार, वृद्धाला शस्त्रक्रिया आणि चालकाला चश्मा व नियंत्रित वेग असे निरनिराळे उपाय योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचणे कारणाच्या अचूक निदानावरच अवलंबून आहे. त्यासाठी आरोग्य, महिला व बालविकास आणि परिवहन या तिन्ही विभागांचा समन्वय आवश्यक आहे.