बोर्ली पंचतनच्या परसात लायलॅक फुलेल का?

जांभळ्या फुलांचे घोस आणि मागे युरोपातलं टुमदार घर. लायलॅकची अशी रील्स मे महिन्यात फिरायला लागली की रोप कुठे मिळेल याची शोधाशोधही सुरू होते. पण श्रीवर्धन तालुक्यातल्या बोर्ली पंचतनसारख्या किनाऱ्याजवळच्या गावात राहत असाल, तर पैसे वाचवा.

मुख्य अडचण थंडीची. लायलॅक मूळचं बाल्कन प्रदेशातलं. पुढच्या वर्षीच्या कळ्या ते उन्हाळ्यातच धरतं आणि पानं गाळून झोपी जातं. त्यानंतर कित्येक आठवडे ७ अंशांखालची थंडी मिळाली, तरच वसंतात नीट फुलतं. बोर्लीत जानेवारीतही पारा सहसा १५ च्या खाली जात नाही. त्यात रायगडचा सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस आणि जांभ्याची आम्लधर्मी माती. भारतात त्याचं एक रानटी भावंड आहे, पण ते पश्चिम हिमालयात, २ हजार मीटरच्या वर.

ऑनलाइन मागवताना आणखी एक घोळ होतो. बकाण निंबालाही इंग्रजीत 'पर्शियन लायलॅक' म्हणतात. त्याची फुलंही जांभळट, सुवासिक. पण ते झुडूप नाही, चांगलं मोठं झाड होतं आणि फळं विषारी असतात. शास्त्रीय नाव तपासा: लायलॅकचं 'सिरिंगा', बकाणाचं 'मेलिया'.

गंमत म्हणजे मोगरा, जाई, जुई आणि पारिजातक ही लायलॅकच्याच कुळातली. म्हणजे घराण्याचा सुवास कोकणात आधीपासून आहेच!

मोगऱ्याला भरपूर ऊन लागतं, त्यामुळे सुपारीच्या दाट वाडीत तो रुसतो. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळात इथल्या अनेक वाड्या आडव्या झाल्या. जिथे नवी सुपारी अजून सावली धरत नाही, तिथे मोगरा लावता येईल. पावसाळ्यात काडी लावा. झाड मोठं झालं की दरवर्षी डिसेंबरात पाणी तोडा, जानेवारीत छाटणी करा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून कळ्या येतात. पाणी न तोडता नुसतं खत घातलं, तर पानंच माजतात.

अर्धवट सावली असेल तर अनंत लावा. लायलॅकला नकोशी असलेली आम्लधर्मी मातीच त्याला मानवते. फक्त बुंध्याशी पाणी साचू देऊ नका.