फासा खिशातल्या फोनमध्ये

लुडोच्या डब्यातून सगळ्यात आधी काय हरवते? पट दुमडीवर फाटला तरी चिकटपट्टी लावून चालतो. एखादी सोंगटी कमी पडली तर शर्टाचे बटण तिचे काम करते. पण फासा कपाटाखाली गेला की डाव तिथेच अडतो. मग घरातले एखादे मूल फोन पुढे करते, "अम्मी, यात फासा आहे ना!" बोट लावले की पडद्यावर फासा फिरतो, आकडा येतो, सगळे खूश. आणि दोन-तीन डाव झाले की पहिली तक्रार येते : "हा फोन चीटिंग करतो. भाईजानला सहा देतो, मला देतच नाही."

ही तक्रार हसून सोडून देण्यासारखी नाही. मूल जे विचारते आहे ते मोठ्यांनीही विचारायला हवे. प्लास्टिकचा फासा आपल्या डोळ्यांसमोर जमिनीवर गडगडतो. फोनमधला आकडा मात्र कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्राममधून येतो आणि तो कसा येतो ते आपल्याला दिसत नाही. मग त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा?

आधी तो आकडा बनतो कसा ते पाहू. कॉम्प्युटर काय किंवा फोन काय, सांगितलेला हिशेब करणारे यंत्र. 'मनाला येईल तो आकडा सांग' हे त्याला जमत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये सुरुवातीचा एक आकडा घेतात, त्याला इंग्रजीत 'सीड' म्हणजे बी म्हणतात. या बियाण्यावर गुणाकार, बेरीज, उलटापालट अशा क्रिया करून पुढचा आकडा, त्यातून त्याच्या पुढचा, अशी माळ तयार होते. बी तेच असेल तर माळही तीच येते. म्हणून खरी मेख बियाण्यात आहे. आजचे फोन ते बी स्वतःमधल्या बारीकसारीक अनियमित गोष्टींतून गोळा करतात. बोट नेमके कोणत्या क्षणी टेकले, आत विजेच्या प्रवाहात किती सूक्ष्म चढउतार झाले, अशा गोष्टी कुणी ठरवून घडवू शकत नाही. मूळ साहित्य असे असेल तर पुढची माळ आधी ओळखणे कुणालाही शक्य नसते.

आता दुसरी पायरी, आणि गडबड झाली तर ती बहुधा इथे होते. समजा प्रोग्रामने 0 ते 255 यांपैकी एक आकडा काढला. म्हणजे एकूण शक्यता 256. त्या सहा बाजूंत वाटायच्या आहेत. इफ्तारच्या वेळी 256 खजूर सहा ताटांत वाटून पाहा. प्रत्येक ताटात 42 गेले की 252 संपले, हातात उरले 4. आळशी माणूस ते चार पहिल्या चार ताटांत टाकून मोकळा होतो. मग 1 ते 4 या आकड्यांच्या वाट्याला 43 शक्यता येतात, 5 आणि 6 च्या वाट्याला 42. फरक लहान आहे, पण तो कायमचा आहे आणि बिचाऱ्या सहाच्या विरोधात आहे! नीट काम करणारा प्रोग्रामर उरलेले चार खजूर कुणालाच देत नाही. त्या चारपैकी आकडा आला तर तो टाकून देतो आणि पुन्हा काढतो. किंवा सुरुवातीचा आकडाच इतका प्रचंड घेतो की वाटपातला फरक नावापुरताही उरत नाही. चांगल्या प्रोग्राममध्ये यातले काही ना काही केलेले असते.

बरे, ज्या प्लास्टिकच्या फाशाला आपण खरा म्हणतो तो तरी कितपत खरा? 1894 च्या सुमारास इंग्लंडमध्ये वेल्डन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने बारा फासे एकत्र टाकायचे आणि नोंद ठेवायची, असे 26,306 वेळा केले. फासा अगदी बिनचूक असता तर 5 किंवा 6 येण्याचे प्रमाण 33.33 टक्के असायला हवे होते. प्रत्यक्षात ते 33.77 टक्के निघाले. एवढ्या प्रचंड नोंदींमध्ये इतका फरक योगायोगाने पडत नाही. याचे कारण असे सांगतात की ठिपक्यांसाठी फाशाला खळगे पाडतात. सहाच्या बाजूला सहा खळगे, तिच्या समोरच्या एकाच्या बाजूला एकच. सहाची बाजू किंचित हलकी, म्हणून ती वर राहण्याकडे कल. कार्ल पिअरसन यांनी 1900 मध्ये संख्याशास्त्रातली जी प्रसिद्ध कसोटी मांडली, तिच्यासाठी याच फाशांच्या नोंदी वापरल्या होत्या. म्हणजे नीट बनवलेला फोनचा फासा दुकानातल्या स्वस्त फाशापेक्षा सरळ असण्याचीच शक्यता जास्त.

मग सहा का येत नाही?

कारण सहा न येणे हे आपल्याला वाटते त्याहून फार साधे आहे. एका फेकीत सहा न येण्याची शक्यता सहातून पाच. सलग दहा फेकींत एकदाही सहा न येण्याची शक्यता काढली तर ती सुमारे 16 टक्के येते. हे झाले एका खेळाडूचे. पटाभोवती चौघे बसले असतील तर त्या चौघांपैकी निदान एकाला पहिल्या दहा फेकींत सहा न मिळण्याची शक्यता जवळजवळ 50 टक्के आहे. म्हणजे दर दुसऱ्या डावात कुणीतरी एक जण दहा वेळा फासा टाकून घरातच अडकलेला असणार. फासा कितीही प्रामाणिक असो, कुणीतरी रुसणारच! ज्याची सोंगटी अडकली त्याला तो डाव वर्षभर आठवतो. ज्याला पहिल्याच फेकीला सहा पडला तो जेवायच्या आधी विसरून जातो.

मुलांची दुसरी समजूत म्हणजे 'इतका वेळ आला नाही, आता यायलाच पाहिजे'. फाशाला स्मरणशक्ती नसते. नऊ वेळा सहा आला नाही म्हणून दहाव्या वेळी त्याची शक्यता वाढत नाही, ती सहातून एकच राहते. ही समजूत दूर करणे खेळापुरते नाही. पैसे लावून हरणारा माणूस नेमक्या याच समजुतीवर आणखी पैसे लावतो.

शंका फिटत नसेल तर मुलांनाच तपासणी करू द्या. सुटीच्या दुपारी वही घ्या, सहा रकाने आखा आणि फोनचा फासा 120 वेळा फिरवून प्रत्येक आकड्यापुढे काडी मारा. प्रत्येक आकडा सरासरी 20 वेळा यावा. नेमका वीस येणार नाही, यायलाही नको. 12 ते 28 च्या दरम्यान असेल तर काळजीचे कारण नाही. एखादा आकडा याच्या थोडा बाहेर गेला तरी लगेच निकाल देऊ नका, पुन्हा 120 वेळा करा. दुसऱ्या वेळीही तोच आकडा तसाच मागे किंवा पुढे असेल तर ते अॅप काढून टाका. पाचवी-सहावीतले मूल हे अर्ध्या तासात करते, आणि सरासरी म्हणजे काय हे त्याला पुस्तकाच्या धड्यापेक्षा चांगले कळते.

अॅप निवडताना एक भेद लक्षात ठेवा. नुसता फासा फिरवणारे साधन वेगळे आणि आख्खा लुडो फोनमध्ये खेळवणारे अॅप वेगळे. पहिल्याला तुम्ही जिंकता की हरता याच्याशी देणेघेणे नसते. पट तुमच्या सतरंजीवर आहे, पाळी कुणाची तेही त्याला ठाऊक नाही, मग तो पक्षपात कुणाच्या बाजूने करणार? दुसऱ्या प्रकारात कंपनीला सगळे ठाऊक असते आणि तुम्ही जास्त वेळ खेळावे, नाणी विकत घ्यावीत यात तिचा फायदा असतो. ती तसे करतेच असा आरोप नाही, पण तपासायची सोय तुमच्याकडे नाही एवढे खरे. मी तरी घरात पहिलाच प्रकार ठेवीन. वेगळे अॅप घ्यायचीही गरज नाही. गूगलच्या शोधपट्टीत 'रोल अ डाइस' एवढे टाकले तरी फासा समोर येतो, आणि वीस बाजूंचासुद्धा मिळतो. फाशाचे अॅप तुमचे संपर्क, फोटो किंवा ठिकाण मागत असेल तर सरळ नाही म्हणा. आकडा काढायला त्याला खालाजानचा नंबर लागत नाही.

फासा बदलला, प्रश्न तोच

आपल्या घरांत आणखी एक प्रश्न निघतो, आणि तो टाळणे बरे नाही. 'नर्दशीर' या खेळाबाबत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अतिशय कडक शब्दांत मनाई केल्याची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. नर्द म्हणजे फासे टाकून पटावर खेळायचा इराणी खेळ, आजच्या बॅकगॅमनच्या घराण्यातला. या आधारावर अनेक उलमा फाशाचे सगळेच खेळ, पैसे लावलेले नसले तरी, टाळावेत असे म्हणतात आणि त्यात लुडोही धरतात. काही जण जुगार, नमाज चुकणे, भांडणतंटा या गोष्टी आहेत की नाहीत ते पाहून मत देतात. फतवा देणे या लेखाचे काम नाही, ते आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे. पण 'प्लास्टिकचा फासा नको, फोनचा चालेल' ही पळवाट मात्र पटण्यासारखी नाही. आक्षेप प्लास्टिकच्या तुकड्यावर नव्हता. खेळ पडेल त्या आकड्याच्या हाती सोपवण्यावर होता, आणि तो फोनमध्येही तसाच सोपवला जातो. ज्या घरात फासा नाही त्या घरात कॅरम आहे, शब्दांचे खेळ आहेत.

आकडा काढण्याचा दुसरा एक उपयोग मात्र जुना आणि परिचित आहे. प्रवासाला कोणत्या पत्नीने सोबत यावे हे प्रेषित (स.) चिठ्ठी टाकून, म्हणजे कुरआ काढून ठरवत, असे हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत येते. सगळ्यांचा हक्क सारखा असेल तेव्हा कुणावर अन्याय होऊ नये म्हणून ही पद्धत. दस्तरखान कुणी आवरायचा, खिडकीजवळची जागा कुणाची, हे सहा भावंडांत ठरवायला फोनचा फासा चिठ्ठ्यांचेच काम करतो.

पैसे लावले की मात्र मतभेदाला जागाच उरत नाही. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत जुगाराचा उल्लेख दारूच्या जोडीने आला आहे. देशाचा कायदाही आता इथवर पोहोचला आहे. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक याचिका आली होती. लुडोचा निकाल फाशावर ठरतो, म्हणून पैसे लावून खेळलेला लुडो हा कौशल्याचा नव्हे तर नशिबाचा खेळ आहे, असा तिचा मुद्दा होता. 'यात कौशल्य आहे' हीच पैशांच्या अॅप्सची ढाल असायची. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा मंजूर केला त्याने ही ढालच काढून घेतली. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवण्यावर बंदी. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला कायद्याने गुन्हेगार ठरवलेले नाही. त्यामुळे घरातला तरुण यात अडकला असेल तर पोलिसांच्या भीतीने गोष्ट लपवून ठेवू नका, मोकळेपणाने बोला.

दोन घरे, एक डाव

फोनच्या फाशाची खरी गरज कोकणातल्या कितीतरी घरांना वेगळ्याच कारणाने पडते. अब्बू कुवेतला, मुले रत्नागिरीला. इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे सात. व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडे एकेक पट मांडला जातो. आता फासा कुणी टाकायचा? इथे टाकला तर तिकडे नीट दिसत नाही, आणि 'अब्बू, तुम्हाला एकच पडला' असे म्हणणाऱ्याचा चेहरा फार निरागस असतो!

यावर एक सोपी रीत आहे. प्रत्येक फेकीला दोन्ही बाजूंनी आपापल्या फोनवर फासा फिरवायचा आणि आलेला आकडा समोरच्याला न दाखवता कागदावर लिहायचा. मग 'एक, दोन, तीन' म्हणून दोन्ही कागद एकदम कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि बेरीज करायची. बेरीज सहाच्या वर गेली तर सहा वजा करायचे. इकडे 4 आणि तिकडे 5 म्हणजे 9, त्यातून 6 गेले, पडले 3. इकडचे 4 कायम धरून तिकडे 1 ते 6 ठेवून पाहा : अनुक्रमे 5, 6, 1, 2, 3, 4 येतात. सहाही आकडे, प्रत्येकी एकदा. म्हणजे एका बाजूचा फासा खोटा असला, किंवा तिकडच्याने फासा न फिरवता मुद्दाम 4 च लिहिला, तरी दुसऱ्या बाजूचा फासा सरळ असेपर्यंत निकाल सरळच राहतो. अट एकच, कागद एकदम वर यायला हवेत. कुवेतचे नेटवर्क अडखळले आणि अब्बूंचा कागद दोन सेकंद उशिरा दिसला, तर ती फेक रद्द करून पुन्हा टाकायची.