तेंदूचा हंगाम आणि आमची खतावणी

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मे महिना दोन कारणांनी ओळखला जातो. विद्यार्थ्यांसाठी तो परीक्षांचा असतो आणि जंगलालगतच्या गावांसाठी तेंदूपानांचा. मी गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. घरी तीन पिढ्यांचे किराणा-भुसाराचे दुकान आहे. त्यामुळे हे दोन्ही मे महिने माझ्या वाट्याला एकाच वेळी येतात. सकाळी पुस्तकात व्यवसायाचे सामाजिक दायित्व वाचावे आणि दुपारी गल्ल्याशेजारी बसून उधारीच्या नोंदी तपासाव्यात, असा माझा सध्याचा दिनक्रम आहे. या दोन वाचनांतून जे विचार मनात आले, ते आपल्यासमोर मांडते.

आमच्याबाहेरच्या वाचकांसाठी प्रथम तेंदूविषयी थोडे सांगावयास हवे. विडीचे वेष्टन ज्या पानाचे असते, ते हे पान. एप्रिलअखेर झुडपांना नवी पालवी फुटते आणि पुढील काही दिवस गावेच्या गावे जंगलात उतरतात. पहाटे अंधारात घर सोडायचे, ऊन चढण्यापूर्वी पाने तोडायची आणि दुपारी सारे कुटुंब ओसरीत बसून पुडे बांधायचे. एका पुड्यात ७० पाने असतात. असे १,००० पुडे मिळून एक प्रमाण गोणी होते. म्हणजे एका गोणीसाठी ७०,००० पाने हाताने खुडावी लागतात. संध्याकाळी फळीवर पुडे मोजून दिले जातात आणि उन्हात वाळत पडतात. काम थोड्या दिवसांचे, परंतु पावसाळ्यापूर्वी हाती येणारा रोख पैसा बहुतेक घरांत हाच. धानाचे बियाणे, छपराची डागडुजी, मुलांची वह्या-पुस्तके, सारे यातूनच होते.

या पैशाची दुसरी किंमत वर्तमानपत्रांतून कळते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यातील जंगलात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ पासूनचे. तेथील व्याघ्रसंवर्धन यशस्वी झाले, याचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. परंतु वाघाला उद्यानाची हद्द ठाऊक नसते. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांतील साध्या जंगलांतही त्याचा वावर आहे, आणि त्याच जंगलात वाकून पाने खुडणारी बाई त्याला माणसासारखी दिसत नाही, असे जाणकार सांगतात. ज्या वाघाचे दर्शन व्हावे म्हणून दूरदूरचे पर्यटक पैसे मोजतात, तो आज दिसू नये अशी प्रार्थना करून ती घराबाहेर पडते. व्यवस्थापनाच्या पुस्तकात ‘जोखीम’ या विषयावर एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यात भांडवलाच्या जोखमीचे अनेक प्रकार दिले आहेत. या जोखमीला तेथे नाव नाही.

हे सारे वाचत असतानाच यंदा आमच्या घरात एक प्रस्ताव आला. आमच्या एका नातेवाइकांनी सुचविले, की दोघांनी भागीदारीत काही ग्रामसभांच्या तेंदूसाठी बोली लावावी. किराण्यात नफा उरलेला नाही, ऑनलाइन खरेदी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे, तेव्हा नवा मार्ग शोधावा, हे त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. दादाजींनी घरातील सर्वांना मत विचारले. मलाही म्हणाले, “तू हिशेब शिकतेस ना, मग अभ्यास करून सांग.” परीक्षेपेक्षा हा प्रश्न मला अधिक अवघड वाटला.

अभ्यासाला बसल्यावर प्रथम कायदा वाचला. १९६९ च्या राज्य कायद्याने वनोपजाचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आणला. वन विभाग लिलाव करी, ठेकेदार पाने नेई आणि गावाच्या हाती पुड्यांची मजुरी पडे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. अनेक ग्रामसभा तेंदूची विक्री स्वतः करतात आणि मजुरीबरोबर स्वामित्वधनही गावातच राहते. ज्या ठेकेदाराच्या मेहरबानीवर गाव अवलंबून असे, तोच आता निविदा घेऊन गावाच्या सभेत बसतो. व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तरी ही न्यायाची गोष्ट आहे, कारण माल ज्याचा, भाव सांगण्याचा अधिकार त्याचा.

कायद्याने मार्ग मोकळा होता. मग मी दुसऱ्या बाजूने पाहिले. आपल्याकडे श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी ती यादी येते. लहानपणी पाठशाळेत मी ती अर्थ न कळता पाठ केली होती. आता वाचताना असे वाटले, की जणू कोणी आमच्याच जिल्ह्यांची पाहणी करून ती लिहिली आहे. वनकर्म म्हणजे जंगल तोडून त्यावर चालणारा व्यवसाय. स्फोटकर्म म्हणजे भूमी फोडण्याचा. आमच्याकडे वर्धेच्या खोऱ्यात कोळसा आहे आणि एटापल्लीच्या डोंगरात लोखंड. रसवाणिज्यात मद्याचा व्यापार येतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. दवदान म्हणजे वनाला आग लावणे, आणि तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणून काही ठिकाणी झुडपांखाली आग लावली जाते, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हा उत्तर सोपे झाले, असे मला वाटले. तेंदू नको. मग दुसरे काय? मोहफुले घ्यावीत, तर त्यांचा मोठा भाग दारूच्या भट्टीकडे जातो. मध आपल्याला चालत नाही. राहता राहिला बांबू. अशा रीतीने एकेक वस्तू खोडत गेले आणि शेवटी लक्षात आले, की आपले हात स्वच्छ ठेवण्याचा हा मार्ग फार स्वस्त आहे. आम्ही बोली लावली नाही, म्हणून एकही पान झाडावर राहणार नाही. उलट बोली लावणारा एक कमी झाला, तर भाव उतरेल आणि त्याचा भार पहाटे अंधारात निघणाऱ्या त्या बाईवरच पडेल. आपल्या व्रताची किंमत दुसऱ्याने भरावी, हे कोणत्या शास्त्रात बसते?

याच सुमारास पाचगावची हकिकत वाचनात आली. गोंडपिपरी तालुक्यातील या छोट्या गावाला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर गावाने काय करावे? तेंदूची तोड बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी झाडांची छाटणी होते, आगी लागतात, आणि शेवटी त्या पानापासून होणारी विडी माणसाच्या प्रकृतीला घातक असते, ही त्यांची कारणे. रोख पैसा सोडून देणारी ही माणसे श्रीमंत नव्हती. त्यांनी बांबूची तोड आणि विक्री स्वतःच्या हाती घेतली, त्यातून गावातच रोजगार उभा केला आणि जंगलाचा एक भाग कोणीही हात लावू नये म्हणून राखून ठेवला. परिग्रहाचे परिमाण करणे आपण प्रवचनांतून ऐकतो. येथे एका ग्रामसभेने ते बहुमोल हक्क हाती आल्यानंतर केले.

परंतु पाचगावचा संयम आणि आमचा संयम यांत एक मोठा फरक आहे. त्यांनी स्वतःच्या वस्तूचा त्याग केला आणि पर्यायी कामही स्वतः शोधले. आम्ही सोडणार ती दुसऱ्याच्या श्रमाची वस्तू. म्हणून आमचा संयम कोठे असावा, हे पाहण्यासाठी मी खतावणी उघडली.

गेल्या पाच वर्षांच्या नोंदी काढल्या आणि एक गोष्ट स्पष्ट दिसली. मार्चपासून गावांकडील उधारी वाढत जाते. तेल, मीठ, डाळ, कधी लग्नाचा किराणा. मेअखेर आणि जूनमध्ये ती एकदम जमा होते. हा जमेचा पैसा तेंदूचाच. म्हणजे तेंदूच्या व्यापारात उतरावे की नाही, हा प्रश्न आमच्यापुरता फार जुना झाला आहे. आम्ही दादाजींच्या वेळेपासून त्यातच आहोत. दुसरी नोंद सुपारीची. तंबाखू आमच्या दुकानात कधीही विकला गेला नाही. सुपारी मात्र विकली जाते, आणि तिचा मोठा भाग खर्रा घोटणाऱ्या पानठेल्यांकडे जातो. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव काम करीत आहे. त्यांचे कार्यकर्ते ज्या खर्र्याविषयी बोलतात, त्यातील अर्धी सामग्री किराण्याच्या दुकानांतून जाते.

या नोंदींकडे पाहताना बाहेरच्या घडामोडींचाही अर्थ निराळा वाटू लागला. १ जानेवारी २०२५ रोजी एटापल्ली तालुक्यातील वांगेतुरी भागात प्रथमच एसटी बस धावली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. बंदुकीचे भय ओसरत आहे, रस्ते होत आहेत, आणि नव्या रस्त्यावरून शिक्षक व परिचारिका यांच्या पाठोपाठ व्यापारी जाणार, हे निश्चित. या अरण्यात व्यापारी पूर्वीही गेला होता. मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून घेतल्याच्या आठवणी दंडकारण्यातील आदिवासी अजून विसरलेले नाहीत. त्या बाजारात वजन कोणाचे होते आणि मोजणारा कोण होता, हे आपण समजू शकतो. आता ग्रामसभेकडे कायदा आहे, तिच्या मुलांकडे शिक्षण आहे आणि हाती मोबाइल आहे. यापुढे आपण कसे जातो, यावर आपल्या पुढच्या पिढीचे तेथील नाव ठरेल.

शेवटी मी घरात तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, बोली लावू नये. कारण छाटणी आणि आग यांवर आमचे काही नियंत्रण राहणार नाही, आणि ज्याचा परिणाम आपण रोखू शकत नाही, त्या नफ्यावर हक्क सांगू नये. दुसरी, उधारी फळीवर किंवा मजुरीच्या दिवशी वसूल करू नये. धान घरात येईपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतरपर्यंत मुदत द्यावी आणि त्यावर वाढ आकारू नये. असे झाले, तर पैशाच्या निकडीपोटी अंधारात निघण्याची घाई काहीशी कमी होईल. उजाडल्यावर, चार-सहा जणींच्या सोबतीने जावे, असे वन विभाग सांगतच असतो. परंतु ज्याच्या डोक्यावर उधारी आहे, त्याला तो सल्ला पाळता येत नाही. तिसरी, प्रत्येक उधारीची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहून ग्राहकाच्या हाती द्यावी, म्हणजे वही एकट्या आमची राहणार नाही.

काकांनी विचारले, “मुदत दिली आणि माणूस आलाच नाही, तर?” प्रश्न रास्त होता. मी गेल्या पाच वर्षांतील बुडीत रक्कम काढून दाखविली. त्यात जंगलाकडील गावांचा वाटा फारच थोडा निघाला. मोठ्या रकमा आमच्याच बाजारपेठेतील ओळखीच्या माणसांकडे अडकल्या होत्या. यावर कोणी काही बोलले नाही. बाबूजींनी मुदतीची गोष्ट या एका वर्षापुरती मान्य केली आहे. चिठ्ठ्या लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बोली लावण्याचा विचार यंदापुरता मागे पडला. सुपारीविषयी मात्र घरात अद्याप एकमत नाही आणि ते लवकर होईल, असेही दिसत नाही.

या मासिकाच्या वाचकांत जंगलकाठच्या बाजारपेठांतील अनेक कुटुंबे असतील. देसाईगंज, आरमोरी, मूल, अहेरी येथील माझ्या वयाच्या मुलामुलींना एक विनंती करावीशी वाटते. यंदाच्या सुट्टीत घरातील खतावणी एकदा उघडा. कोणत्या महिन्यात कोणाचे पैसे जमा होतात आणि त्या महिन्यात ती माणसे कोणते काम करीत असतात, एवढेच शेजारी शेजारी लिहून पाहा. मग घरातील मोठ्यांशी बोला. त्यांच्याजवळ अनुभव आहे, आपल्याजवळ थोडा वेळ आहे; आणि तेंदूचा पुढचा हंगाम येण्यास अजून काही महिने आहेत.