घरगुती काचमणी-उद्योग : सिद्धता आणि दक्षता

काचेचा मणी दिसावयास क्षुल्लक. परंतु मंगळसूत्राच्या काळ्या पोतीपासून परदेशी जाणाऱ्या माळांपर्यंत त्याचा व्यापार पसरलेला आहे. उत्तर प्रदेशात वाराणसी व पुरदिलनगर ही गावे या धंद्याकरिता प्रसिद्ध आहेत. आपल्या बंधूंचा मण्यांशी संबंध बहुधा दुकानापुरताच येतो. तथापि घरातील एखाद्या तरुणास अगर गृहिणीस हे काम घरीच करावेसे वाटल्यास काय सिद्धता हवी, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रारंभीच एक भेद ध्यानी घ्यावा. पोतीचे बारीक मणी काचेची पोकळ नळी ओढून व तिचे तुकडे पाडून करतात. ते कारखान्याचे काम होय. घरी होतो तो ज्योतीवर वळलेला एकेक मणी. पोलादी तारेस चिकणमातीसारखा लेप देऊन तो वाळवितात. काचकांडीचे टोक ज्योतीत पाकासारखे मऊ झाले की ते तारेभोवती गुंडाळतात. लेपामुळे काच तारेस चिकटत नाही. मणी निवल्यावर सुटून येतो व तारेच्या जागी भोक राहते.

खरी परीक्षा यापुढे आहे. मणी उघड्यावर निवू दिल्यास बाहेरची काच आधी घट्ट होते आणि आतली मागाहून आकसते. त्यायोगे काचेत ताण राहतो. असा मणी त्याच दिवशी फुटेल असे नाही. कित्येक दिवसांनीही तो तडकतो. प्रस्तुत लेखकाने एकदा एका घरगुती कारागिराच्या माळा दुकानात मांडल्या होत्या. महिन्याभरात दोन ग्राहकांनी तडकलेले मणी आणून पुढे ठेवले. मण्यांचे मोल थोडे होते. शब्द गेला तो मात्र सहज परत आला नाही.

या दोषावर उपाय म्हणजे अनुशीतन. तापनियंत्रक असलेल्या लहान विद्युत्-भट्टीत मऊ सोडा-काचेचे मणी सुमारे ५०० अंश सेल्सिअसवर काही वेळ ठेवून नंतर काही तासांत हळूहळू निववितात. मणी जितका जाड, तितका वेळ अधिक. बोरोसिलिकेट काचेस सुमारे ५६० अंश लागतात. या दोन काचा एका मण्यात कदापि मिसळू नयेत. बोरोसिलिकेटचे प्रसरण सोडा-काचेच्या सुमारे एक तृतीयांश असल्याने असा मणी निवताना फुटतोच.

आता जागेविषयी. मेज व भोवतालची जमीन न जळणारी असावी. धूर बाहेर खेचणारा पंखा आणि ताजी हवा आत येण्याची वाट, दोन्ही हवीत. स्वयंपाकाचा वायू हवेहून जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत साठतो. यास्तव तळघर वर्ज्य मानावे. घरगुती वापराचा सिलिंडर धंद्यासाठी लावणे नियमबाह्य आहे, हेही विसरू नये. प्राणवायूच्या जोडांस तेल अगर वंगण मुळीच लावू नये; त्याने पेट घेण्याचे भय असते. तापलेल्या काचेतील सोडियमचा पिवळा झगझगाट अडविण्यासाठी डिडिमियम काचेचा चष्मा वापरावा. भोकातील लेप पाण्याखालीच घासून काढावा. त्याची कोरडी धूळ श्वासावाटे आत जाऊ देऊ नये.

नवशिके बहुधा मोठा बर्नर व रंगीबेरंगी कांड्या यांवरच भांडवल खर्च करतात आणि भट्टी पुढे पाहू म्हणतात. हा क्रम उलटा आहे. पहिला खर्च भट्टीचा, दुसरा हवेच्या सोयीचा. बर्नर प्रारंभी लहान असला तरी चालेल, रंगही दोन-तीन पुरे. शिवाय पहिले मणी विक्रीस न काढता महिनाभर घरीच ठेवून पाहावेत. जे टिकतील तेच ग्राहकापुढे मांडावेत. धंदा घरचा असो वा पेढीचा, पतीचा नियम दोहींस एकच आहे.