शहरी वर्तुळाकार अर्थव्यवस्था

शहरी वर्तुळाकार अर्थव्यवस्था म्हणजे शहरात येणारे साहित्य, पाणी व अन्नद्रव्ये एकदा वापरून टाकून न देता शक्य तितका काळ उपयोगात ठेवण्याची व्यवस्था होय. ‘घ्या, वापरा, टाका’ या सरळ रेषेतील व्यवहाराला पर्याय म्हणून ती मांडली जाते. मराठीत या अर्थाने ‘चक्रीय’ आणि ‘चक्राकार’ ही विशेषणेही वापरात आहेत. परंतु अर्थशास्त्रात तेजी-मंदीच्या आवर्तनांनाही ‘चक्रीय’ म्हणतात, त्यामुळे ‘वर्तुळाकार’ हा शब्द अधिक निःसंदिग्ध ठरतो.

ही संकल्पना आणि पुनर्चक्रीकरण या गोष्टी पुष्कळदा एकच समजल्या जातात. वास्तविक वस्तू मुळात कमी लागणे, ती टिकणे, दुरुस्त होणे व दुसऱ्याच्या उपयोगी पडणे हे आधीचे टप्पे आहेत. ती वितळवून किंवा कुटून नवी वस्तू घडवणे हा शेवटचा टप्पा असून त्यात ऊर्जाही खर्च होते आणि बहुधा पदार्थाची प्रतही उतरते.

पार्श्वभूमी

पृथ्वी हे मर्यादित साठ्याचे अंतराळयान आहे, अशी मांडणी अर्थशास्त्रज्ञ केनेथ बोल्डिंग यांनी 1966 मध्ये केली. वर्तुळाकार अर्थव्यवस्थेच्या वैचारिक उगमांत तिचा उल्लेख होतो. व्यवहारात मात्र अशी वर्तुळे त्याहून जुनी आहेत. जुन्या कपड्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी बोहारीण, कल्हईवाला, रद्दीवाला व भंगारवाला ही महाराष्ट्रातील शहरांना परिचित माणसे हेच काम करीत आली. घरोघरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होत. या व्यवहारांना नगरनियोजनात क्वचितच स्थान मिळाले.

आधुनिक काळात अ‍ॅमस्टरडॅम शहराने नव्या कच्च्या मालाचा वापर 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचे आणि 2050 पर्यंत पूर्णतः वर्तुळाकार होण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. जपानमधील कामिकात्सु या छोट्या गावाने 2003 मध्ये ‘शून्य कचरा’ घोषणा केली. तेथे रहिवासी स्वतःच कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकारांत वर्गीकरण करतात. अशी शिस्त दाट वस्तीच्या महानगराला जशीच्या तशी लागू करणे कठीण आहे.

पुण्यातील व्यवस्था

भारतीय शहरांच्या दृष्टीने पुण्याचे उदाहरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे. 1993 मध्ये तेथे कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांचे तिला नेतृत्व लाभले. कचरा वेचणे हे श्रमाचे व समाजोपयोगी काम आहे, हा तिचा पहिला आग्रह होता. याच संघटनेतून कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली व 2008 मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. तिच्या तीन हजारांहून अधिक सभासदांमध्ये बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्या दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात, घरटी ठरावीक मासिक शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्यातील विकण्याजोगा माल निवडून भंगार बाजारात विकतात.

या रचनेचे मर्म मोबदल्याच्या पद्धतीत आहे. कचरा वाहून नेणाऱ्या ठेकेदाराला टनामागे पैसे मिळत असतील, तर जितका अधिक कचरा डेपोवर जाईल तितका त्याचा लाभ वाढतो. कचरावेचक स्त्रीचे गणित उलटे असते: डेपोकडे जाण्याआधी जितका माल वेगळा निघेल तितकी तिची मिळकत वाढते. पहिल्या पद्धतीतला तोटा शहराबाहेरच्या गावांच्या वाट्याला येतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला आणि दुर्गंधी व दूषित पाण्यामुळे तेथील ग्रामस्थांना वारंवार आंदोलने करावी लागली.

तथापि कचरावेचकाची मिळकत भंगाराच्या भावाशी बांधलेली राहते. 2008 च्या जागतिक मंदीत हे भाव कोसळले, तेव्हा त्याची झळ थेट या कुटुंबांना बसली. बहुस्तरीय प्लास्टिकच्या वेष्टनांना तर बाजारात जवळजवळ मूल्यच नसते. ती उचलण्याचे श्रम तेवढे तिच्या माथी येतात. घरोघरच्या शुल्काचे महत्त्व यामुळेच आहे.

ओला कचरा आणि सांडपाणी

भारतीय शहरांच्या घरगुती कचऱ्यात ओल्या भागाचे प्रमाण मोठे असते. शेतातून धान्य-भाजीच्या रूपाने शहरात आलेली अन्नद्रव्ये खतरूपाने मातीत परत गेली तर वर्तुळ पूर्ण होते. महाराष्ट्र शासनाने नगरपालिकांच्या अशा खतासाठी ‘हरित महासिटी कंपोस्ट’ ही नाममुद्रा दिली. परंतु काचेचे तुकडे व प्लास्टिक मिसळलेले खत शेतकरी घेत नाही. त्यामुळे खताचा दर्जा प्रकल्पात ठरण्याआधी स्वयंपाकघरातच ठरतो. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी उगमस्थानीच वर्गीकरण करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली.

पाण्याच्या बाबतीत नागपूरचा प्रयोग उल्लेखनीय आहे. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले शहराचे सांडपाणी महानिर्मिती कंपनीच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. त्यासाठीच्या प्रकल्पाची क्षमता प्रतिदिन 130 दशलक्ष लिटर होती. वीज केंद्राला लागणारे गोडे पाणी त्यामुळे वाचते आणि महापालिकेला सांडपाण्याचे मोल मिळते. सुरत महापालिकाही पांडेसरा येथील कापड प्रक्रिया उद्योगांना शुद्ध केलेले सांडपाणी विकते. हमखास ग्राहक जवळ असणे हे दोन्ही ठिकाणच्या यशाचे मोठे कारण दिसते.

वाद

कचरा जाळून वीजनिर्मिती करण्याला वर्तुळाकार म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. समर्थकांच्या मते त्यामुळे डेपोंवरील भार हलका होतो. मात्र ओला कचरा नीट जळत नाही. दिल्लीतील तिमारपूर येथे 1987 मध्ये उभारलेला प्रकल्प याच कारणाने लवकरच बंद पडला. कागद व प्लास्टिक उत्तम जळतात, पण पुनर्वापरासाठी हवे असतात तेही तेच पदार्थ. म्हणून भट्टीला दीर्घ मुदतीच्या कराराने सुका कचरा पुरवण्याची हमी दिली गेली, तर कचरावेचकांचा माल तिच्याकडे वळतो आणि कचरा कमी करण्यात महापालिकेलाही स्वारस्य उरत नाही.