जुनी पेन्शन, संप आणि आपला कर : तलाठ्याच्या पेन्शनशी गावाचा काय संबंध?

वडगाव मावळ : दाखल्यासाठी तालुक्याला गेलेला माणूस कचेरीत खुर्च्या रिकाम्या बघून माघारी फिरला, की एकच वाक्य ऐकू येतं. "एवढा पगार आहे, यांना अजून काय पाहिजे?" मार्च 2023 मध्ये हे वाक्य राज्यातल्या गावोगावी बोललं गेलं. 14 मार्चला सरकारी, निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक बेमुदत संपावर गेले. सुमारे 17 लाख कर्मचारी संपात असल्याचं सांगितलं गेलं. मागणी मुख्य एकच होती, ती म्हणजे जुनी पेन्शन. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काढणीला आलेला गहू, हरभरा आडवा झाला आणि पंचनाम्याला यायला कुणी नव्हतं. 20 मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबर बैठक झाली आणि संप मागे घेतला गेला.

संप संपला, पण विषय संपलेला नाही. केंद्रानं जानेवारी 2025 मध्ये आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली आहे. केंद्राचा आयोग लागू झाला की राज्यातले कर्मचारीही तो मागतात, हा नेहमीचा क्रम आहे. म्हणजे पगार, पेन्शन आणि कर यावरचं भांडण पुन्हा होणार. त्याआधी ते नेमकं कशाचं आहे, हे समजून घेतलेलं बरं.

भांडण कशाचं?

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 ही तारीख महत्त्वाची. त्याआधी नोकरीला लागलेल्याला जुनी पेन्शन मिळते. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम दरमहा, वर महागाई भत्ता. त्यासाठी पगारातून एक रुपया कापला जात नाही. सगळा बोजा सरकारच्या तिजोरीवर.

त्या तारखेनंतर लागलेल्यांना अंशदान पेन्शन, पुढं तीच राष्ट्रीय पेन्शन योजना झाली. यात कर्मचाऱ्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के रक्कम दरमहा कापली जाते आणि सरकार आपले 14 टक्के घालतं. हा पैसा बाजारात गुंतवला जातो. निवृत्तीला जी रक्कम साठेल त्यातली 60 टक्क्यांपर्यंत हातात मिळते, उरलेल्या 40 टक्क्यांतून दरमहा पेन्शन सुरू होते. किती मिळेल याची हमी नाही.

साधा हिशोब

समजा, एकाचा शेवटचा मूळ पगार 40 हजार आणि महागाई भत्ता 50 टक्के आहे. जुन्या योजनेत त्याला 20 हजार आणि त्यावर भत्ता 10 हजार, असे महिना 30 हजार मिळतील. महागाई वाढली की ही रक्कमही वाढत जाईल.

नवीन योजनेत समजा त्याचे 50 लाख साठले. 30 लाख हातात आले, 20 लाख पेन्शनसाठी ठेवले. त्यावर वर्षाला 6 टक्के धरले तर महिना 10 हजार. हातातले 30 लाख असतात हे खरं, पण ते पोरीचं लग्न, घर, आजारपण यात किती दिवस टिकतात ते सगळ्यांना माहीत आहे. आणि जो उशिरा नोकरीला लागला, त्याचे 50 लाख साठतही नाहीत. एकाच कचेरीत, एकाच टेबलावर, तेच काम करणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एवढा फरक. कर्मचाऱ्यांचा राग इथं आहे आणि तो समजण्यासारखा आहे.

कंपनीतला करार आणि कचेरीतला संप

मावळातल्या पोरांना युनियन नवीन नाही. तळेगाव, चाकणच्या कंपन्यांत ठरावीक वर्षांनी वेतनवाढीचा करार होतो. युनियन आणि व्यवस्थापन समोरासमोर बसतात, ताणतात, सोडतात आणि सही करतात. दोघांनाही एक भीती असते. फार ताणलं तर कंपनी बंद पडेल. तळेगावची जनरल मोटर्स डिसेंबर 2020 मध्ये गाड्या बनवायची थांबली, तेव्हा कामगारांच्या घरात काय झालं ते या तालुक्यानं पाहिलंय.

तहसील कचेरी मात्र बंद पडत नाही. तिथं मालक म्हणजे सरकार, आणि सरकारच्या खिशातला पैसा जनतेचा. शिवाय कंपनीसारखा करार करायची ठरलेली पद्धतही इथं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सांगितलं. सरकारच्या हातात मेस्मा कायदाही असतो. तरीही संप होतात. 1977 मध्ये र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचाऱ्यांचा संप 54 दिवस चालला होता. बोलणीचा रस्ता अरुंद असला की गर्दी संपाच्या रस्त्यावर होते.

दुसरा रस्ता मतांचा. डिसेंबर 2022 मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी नागपूर अधिवेशनात सांगितलं होतं की जुनी पेन्शन दिली तर 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा पडेल. पुढच्याच महिन्यात शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका झाल्या, प्रचारात पेन्शन गाजली आणि नागपूर शिक्षक मतदारसंघात भाजपच्या पाठिंब्याचा उमेदवार पडला. त्यानंतर संप आणि संपानंतर समिती. जानेवारी 2024 मध्ये ज्यांच्या भरतीची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 आधी निघाली होती त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला. 25 ऑगस्ट 2024 ला केंद्राची एकीकृत पेन्शन योजना राज्य मंत्रिमंडळानं मंजूर केली. यात 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्या पेन्शनची हमी आहे, पण कर्मचाऱ्याचे 10 टक्केही कापले जातात.

पैसा कुणाचा?

"आम्ही कुठं कर भरतो, शेतीला कर नाही," असं पारावर म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण खताच्या गोणीवर 5 टक्के आणि फवारणीच्या औषधावर 18 टक्के जीएसटी आहे. ट्रॅक्टरमध्ये डिझेल टाकलं की राज्याचा व्हॅट गेला. जमिनीचं खरेदीखत झालं की मुद्रांक शुल्क गेलं, आणि मावळात खरेदीखतं किती होतात ते सांगायला नको. मजुरी करणारी बाईसुद्धा दुकानात काही घेते तेव्हा कर भरते. कर्मचारीही आयकर आणि व्यवसाय कर भरतात.

या जमेतला निम्म्याहून जास्त पैसा पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यातच जातो. उरलेल्यात रस्ते, पाटबंधारे, शाळेच्या खोल्या आणि नुकसानभरपाई. पण पगार म्हटलं की फक्त साहेब डोळ्यांसमोर आणू नये. झेडपी शाळेच्या बाई, कान्हे उपजिल्हा रुग्णालयातल्या नर्स, लोणावळ्यात शनिवार-रविवारची गर्दी आवरणारा पोलीस, यांचा पगारही त्यातच आहे.

खरं बिल 2038 नंतर

आता सगळ्यात महत्त्वाचं. 2005 च्या शेवटी 25 व्या वर्षी नोकरीला लागलेला कर्मचारी 58 व्या वर्षी, म्हणजे 2038 च्या आसपास निवृत्त होईल. आज जुनी पेन्शन द्यायची ठरवली तर सरकारला उद्या काहीच जास्त द्यावं लागत नाही. उलट दरमहाचे 14 टक्के वाचतात. मोठं बिल येईल 2038 नंतर. तेव्हा आजचे मंत्री नसतील, आजचे संघटनेचे नेते निवृत्त झालेले असतील. बिल भरायला असतील आज दहावीत बसलेली पोरं.

उलटं करून पाहिलं तरी सोपं नाही. जुन्या लोकांची पेन्शन आजच्या करातून द्यायची आणि नव्यांसाठी 14 टक्केही बाजूला टाकायचे, असा दुहेरी बोजा सध्या राज्यावर आहे. तो काही वर्षांनी हलका होणार आहे. म्हणून मधेच वाट बदलायचा मोह सोपा आणि धोक्याचा आहे. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल या राज्यांनी जुन्या पेन्शनचा रस्ता धरला. हिमाचलची आर्थिक स्थिती वेगवेगळ्या कारणांनी ताणली गेली आणि सप्टेंबर 2024 मध्ये तिथं पगार 5 तारखेला आणि पेन्शन 10 तारखेला झाली.

टेबलाजवळ कोण नव्हतं?

मार्च 2023 च्या बैठकीत एका बाजूला सरकार आणि दुसऱ्या बाजूला कायम कर्मचाऱ्यांच्या संघटना होत्या. गावातली अंगणवाडी सेविका तिथं नव्हती. तिचं मानधन त्याच सुमारास 8,325 वरून 10 हजार झालं, तेही वेगळ्या आंदोलनानंतर. कचऱ्याच्या गाडीवरचा ठेक्याचा माणूस नव्हता, त्याला जुनीही पेन्शन नाही आणि नवीही नाही. ज्या म्हाताऱ्याला श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 मिळतात, तोही नव्हता.

आणि ज्या शेतकऱ्याला राग येतो, त्याचाच मुलगा अभ्यासिकेत बसून सरकारी भरतीची तयारी करतोय. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागांसाठी 10 लाखांहून जास्त अर्ज आले. बोजा वाढला की सरकार पहिली कात्री भरतीला लावतं किंवा कंत्राटी माणसं घेतं. खासगी एजन्सीमार्फत भरतीचा निर्णय 2023 मध्ये ओरड झाल्यावर मागे घ्यावा लागला होता. म्हणून शेतकरी विरुद्ध कर्मचारी असं हे भांडण मांडणं चुकीचं आहे. कित्येक घरांत दोन्ही बाजू एकाच ताटात जेवतात.

गावानं काय मागावं?

पेन्शन द्या किंवा देऊ नका, असं नुसतं ओरडून भागणार नाही. आमदार मत मागायला आले की सरळ विचारावं : जे कबूल करताय त्याचं 2040 चं बिल किती आणि ते कशातून भरणार? वेतन आयोग लागू करताना अंगणवाडी, आशा आणि कंत्राटी माणसांसाठी काय ठेवलंय? संप झाला तरी पंचनामे आणि दवाखाना चालू राहील याची सोय काय?

दुसरं हत्यार आजच हातात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा 2015 प्रमाणे अधिसूचित दाखले आणि सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायलाच हव्यात. अर्ज दिला की पोच घ्यावी, त्यावर मुदतीची तारीख बघावी. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, पुढं दुसरं अपील आणि शेवटी आयोग आहे. कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. 'आपले सरकार' पोर्टलवर मोबाईलवरूनही अर्ज करता येतो.

कर्मचाऱ्याला म्हातारपणाची हमी हवी, यात वावगं काही नाही. ती हमी ज्यांच्या करातून द्यायची, त्यांना वेळेत काम मिळालं आणि पुढचं बिल आधी दाखवलं, तर "यांना अजून काय पाहिजे" हे वाक्य गावात कमी ऐकू येईल.